आईचा राहिलेला पेपर

दुपारी देवळाचं दार बंद झालं की आमचं कुंभकोणम् झोपतं. पितळी भांड्यांच्या दुकानांतली ठोकाठोक थांबते, रिक्षावाले मागच्या सीटवर पाय वर घेऊन पडतात. त्या वेळी आमच्या हॉलमधल्या झोपाळ्यावर साठी ओलांडलेली माझी आई डोळे मिटून पुटपुटत असायची, "मेटाफर, सिमिली, हायपर्बोल..." परक्याला वाटावं, बाई स्तोत्र म्हणतेय.

लग्न ठरलं तेव्हा तिचं कॉलेज सुटलं होतं. पुढे मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, अप्पा निवृत्त झाले, आणि एके दिवशी हिने कुणाला न विचारता घरी बसून बी.ए. करायला नाव घातलं, तेही इंग्रजी घेऊन. बाकीचे सगळे पेपर सुटले. साहित्यातल्या संज्ञा आणि अलंकार यांचा तेवढा एक राहिला. त्यात ती एकदा आपटलीही होती. तो सुटला की पदवी हातात. पदवीचं करणार काय, म्हटलं तर फणकारायची, "करितें काय! भिंतीवर लावितें. साऱ्यांचे नवरे लावितात, मी माझी लावितें."

आमचे पूर्वज मराठी राज्याबरोबर तंजावरकडे आले ते इथलेच झाले. आमची मराठी उंबऱ्याच्या आतली; चप्पल पायात सरकवली की तमिळ सुरू. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत, आपल्या बापाचं काय जातंय! मी हिंदीच्या शिकवणीत देवनागरी शिकले म्हणून हे लिहिते आहे. आईला तीही येत नाही. तिची मराठी जन्मात कधी कागदावर गेलेली नाही.

पुस्तकातली उदाहरणं तिच्या डोक्यात टिकत नसत, म्हणून मी नेम केला की प्रत्येक संज्ञेला घरातलं उदाहरण शोधायचं. पंखा रुसलाय, हे पर्सॉनिफिकेशन. "शंभरदा सांगितलें" म्हणजे हायपर्बोल. सुट्टीच्या त्या दुपारी आठवल्या की अजून अंग सैल पडतं. झोपाळ्याच्या कड्या हळू कुरकुरायच्या, गच्चीवर वाळत घातलेल्या वडामचा, म्हणजे तांदळाच्या सांडग्यांचा, आंबूस वास जिन्यावरून खाली यायचा, आणि मी विचारलेला प्रश्न नि तिचं उत्तर यांच्यामध्ये दोघींचीही एकेक डुलकी होऊन जायची. शुक्रवारी पट्टीश्वरमच्या देवीला निघालो की बसमध्येही तेच. खिडकीबाहेर भाताची खाचरं, त्यांत उतरलेलं आभाळ, मध्येच एखादा बगळा. वर कुठलं नि खाली कुठलं, कळायचं नाही. आई माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणायची, "हें इमेजरी ना गे?" मी हो म्हणायची. पुस्तकाप्रमाणे ते बरोबर नव्हतं, पण त्या खिडकीशी बसून नाही कोण म्हणणार?

मेटॉनमीपाशी मात्र गाडी अडली. एखाद्या गोष्टीचं नाव न घेता तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीचं नाव घ्यायचं, राजाला मुकुट म्हणायचं. आई काही केल्या ऐकेना. "मुकुट राज्य करितो म्हणे! मुकुटास डोकें असतें काय?"

माझं टाळकं सटकलं. "पालथ्या घड्यावर पाणी! तुझ्यापेक्षा माझ्या आठवीच्या पोरी बऱ्या."

"मग त्यांसच शिकीव," असं म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता मला म्हणाली, "चष्म्यास कॉफी पाहिजे काय, विचार गे."

मी बघतच राहिले. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कोणी 'ते' म्हणतं, कोणी नुसतं खाकरतं. आई अप्पांना चष्मा म्हणायची. चष्मा आला काय, चष्मा जेवला काय, आज चष्म्याचं काही खरं नाही. लहानपणापासून ऐकत आलेले, म्हणून कधी कानाला लागलंच नव्हतं.

"अगं आई! हीच मेटॉनमी! तू जन्मभर तेच करत आलीयेस!"

तिला कळायला क्षणभर लागला. मग साठीची बाई कानापर्यंत लाल झाली. आतून अप्पांच्या खोकण्याचा आवाज आला. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. मी खुशीत बजावलं, मुकुट विसर, परीक्षेत हेच लिही, स्वतःच्या उदाहरणाला मार्क चांगले पडतात. इंग्रजी वाक्यही तयार करून घोकून घेतलं.

या वयात कसली परीक्षा, असं महिनाभर कुरकुरणारे अप्पाच तिला स्कूटरवरून केंद्रावर घेऊन गेले. मी शाळा सुटल्यावर तिथे पोचले. नदीकाठच्या झाडाखाली ते तिच्या पाण्याची बाटली धरून उभे होते. आई बाहेर आली. मेटॉनमी आली होती, स्वतःच्या उदाहरणासह, चांगल्या घसघशीत मार्कांना.

"लिहिलंस ना?"

"नाही. कोरी सोडिली."

निकाल माझ्या मोबाइलवर पाहिला. अगदी थोडक्यासाठी गेली होती. तो एक प्रश्न लिहिला असता तर पार झाली असती. मला रडूच फुटलं, रागाने आणि तिच्या कीवेनेही. मी ओरडले, "भिंतीवर लावायची होती ना? हातातोंडाशी आलेला घास! येत होतं तरी का नाही लिहिलंस?"

आई झोपाळ्यावर बसली होती. तिचेही डोळे भरले होते. वाईट तिला माझ्याहून जास्त वाटत होतं.

"दुसरें कांही सुचेना गे. तेवढेंच डोळ्यांपुढें. आणि तें लिहावें तर खालीं अर्थ लिहावा लागतो, म्हणिजे माझा नवरा. मग कोणी परका माणूस लाल पेनानें त्यावर बरोबरची खूण करणार. तसें झाल्यावर मी घरांत तें कोणत्या तोंडानें म्हणूं?"

अप्पा उठून स्वयंपाकघरात गेले आणि स्वतः कॉफी करून घेऊन आले. तिच्या हातात पेला देत म्हणाले, "पुढल्या खेपेस मुकुट पाठ कर."

ती पुढली खेप आता तोंडावर आली आहे. दुपारी मुकुट घोकणं चालू असतं. काल मी हे लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. ऐकता ऐकता तिने झोपाळा थांबवला, आणि शेवटी भीतभीत विचारलं, "कागदावरही तोच शब्द घातलास काय गे?"

"नाही आई. बदलला."

अप्पांनी आयुष्यात कधी चष्मा लावलेला नाही.