तामलवाडीची डोळेवाली

तामलवाडीत कुणी लई आजारी पडलं की अख्खं गाव बघायला जातं. एक श्रीदेवी तेवढी जात नाही. जाऊ नको असं तिला कुणी सांगितलेलं नाही. पण एकदा ती वरच्या आळीतल्या एका म्हातारीला बघायला डाळिंबं घेऊन गेली, तर तिला दारात बघताच म्हातारीनं गोधडी डोक्यावरनं ओढून घेतली आणि आतनं ओरडली, "अगं, म्या हाय अजून! तिला म्हणावं मागनं ये!" घरातले खो-खो हसले. श्रीदेवीही हसली, डाळिंबं उंबऱ्याशी ठेवली आणि परत फिरली. घरी येऊन मात्र मोरीत तोंड धुता धुता रडली.

तिला गावात डोळेवाली म्हणतात. कुणाच्या घरात माणूस गेलं की ती तिथं जाते, घरच्यांपाशी बसते आणि विचारते, डोळे देता का? हो म्हणाले तर सोलापूरच्या नेत्रपेढीला फोन लावते, पंखा बंद करते, मयताची उशी उंच करते आणि गाडी येईपर्यंत तिथनं हलत नाही. याचा पगार नाही की भत्ता नाही. गावातल्या शहाण्यांना आधी वाटायचं, बाईला यात काहीतरी सुटत असणार. सुटत होतं की! लोकांची बोलणी सुटत होती, आणि घरी आल्यावर करपलेलं कालवण.

याच्या मुळाशी तिचे वडील होते. धुळाप्पा अक्कलकोटकडचे. श्रीदेवी रांगत होती तेव्हा त्यांच्या दोन्ही बुबुळांवर फुलं पडली आणि माणूस आंधळा झाला. ती दहावीला असताना कुणा अनोळखी माणसाचा डोळा त्यांना मिळाला. पट्टी सुटली तेव्हा ती समोर उभी होती. धुळाप्पांनी तिच्याकडं परक्याकडं बघावं तसं बघितलं, आणि मग हळूच म्हणाले, "बोल की काहीतरी." ती "अप्पा" म्हणाली तेव्हा कुठं त्यांना पटलं की ही आपली पोर. ज्यानं तो डोळा दिला त्याचं नावसुद्धा त्यांना कधी कळलं नाही. श्रीदेवीनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आणि लग्न होऊन तामलवाडीला आली ती हे सगळं डोक्यात घेऊनच.

नवरा शिवानंद, त्याची पिठाची गिरणी. भुवया, मिशा कायम पांढऱ्या. मुलगा कैवल्य सोलापूरला शिकायला, आणि मुलगी भैरवी नववीत. सकाळी उठून श्रीदेवीनं चूल पेटवायची, भैरवीची वेणी घालायची, शिवानंदाचा डबा भरायचा, गिरणीत दळणाची गर्दी झाली की पोती धरायला जायचं. या सगळ्यात फोन वाजला की पीठ मळता मळता हात तसेच धुवून निघायचं. भैरवीला याचा भारी राग. एकदा शाळेतनं येऊन तिनं दप्तरच आपटलं. "अस्मिताच्या घरी सगळ्या मैत्रिणींना बोलावलंय, मलाच नाही! का, तर तिची आज्जी आजारी आहे आणि मी डोळेवालीची पोर! तुझं पुण्य होतं आणि माझं नाक कापलं जातं!" तिनं पोरीला जवळ ओढलं, तर पोरीनं हात झटकला.

अशा वेळी घर सावरायची ती शांताक्का, शिवानंदाची आई. जिभेला धार, पण माणूस सोन्यासारखं. फोन वाजला की म्हातारी कंबरेवर हात ठेवून उठायची. "जा बाई जा, तुझे डोळे खोळंबलेत. भाकरी म्या थापती." नातीनं तोंड फुगवलं की तिलाही झापायची, "तुझी आई काय चोरी करायला गेलीया का?" शांताक्काच्या जिवावरच श्रीदेवीचं हे काम चाललं होतं, हे श्रीदेवी स्वतःच सगळ्यांना सांगायची.

म्हणून तर दोन वर्षांमागं, तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिनं सासूला विचारलं, तेव्हा उत्तर काय येणार याची तिला खात्री होती.

"आत्याबाई, एक इचारू का?"

"इचार की. अख्ख्या गावाला इचारतीस, मला इचारायला एवढी वर्सं लागली व्हय?"

"तुमचे डोळे..."

"न्हाय."

श्रीदेवीला वाटलं म्हातारी चेष्टा करते. "चेहऱ्याला काही होत न्हाय, आत्याबाई. बघणाऱ्याला कळत बी न्हाय."

"म्हाईत हाय. तू दुसऱ्यांना सांगतीस ते ऐकूनच म्या म्हातारी झाले. न्हाय."

"पण का?"

शांताक्कानं हातातली शेंग खाली ठेवली. "का, ते सांगावं लागतंय व्हय? मग इचारतीस कशाला? सरळ घेऊन जा की." आणि पुन्हा शेंग उचलून म्हणाली, "तू लोकांची पोर, पण मला तुझाच भरोसा हाय. शिवा ऐकायचा न्हाय, तो लोकांच्या तोंडाकडं बघंल. तू शब्द दे."

श्रीदेवीनं शब्द दिला. राग मात्र आला, लई आला. पुढं किती तरी दिवस ती सासूशी कामापुरतंच बोलायची. म्हातारीनं तिकडं लक्षच दिलं नाही, नेहमीसारखी भाकरी थापत राहिली. शेवटी सुनेलाच आपली लाज वाटली. विचारायचं म्हणजे न्हाय ऐकायचीही तयारी ठेवायची, हे आपण विसरलोच होतो, असं तिला वाटलं. त्यानंतर तो विषय दोघींत पुन्हा निघाला नाही.

यंदा दिवाळीनंतर शांताक्का अंथरुणाला खिळली. आता गाव बघायला यायला लागलं. लोक म्हातारीची चौकशी करायचे, पण नजर सुनेकडं असायची. पारावर तर उघड बोलणं चालायचं. "आता बघू डोळेवाली घरात काय करती ते!" चांगल्या मनाची माणसंही म्हणायची, "तुमच्या घरचा एक डोळा गेला की बघा, गावातलं एक घर न्हाय म्हणायचं न्हाय." श्रीदेवी मान हलवायची आणि सासूच्या तोंडात पेजेचा चमचा घालायची. शब्दाचं तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

एका सोमवारी, दिवस उजाडता उजाडता शांताक्का लिंगैक्य झाली. श्रीदेवीच्या मांडीवरच गेली. रडणं झालं, पै-पाहुण्यांना फोन झाले. लिंगायतांत मयताला आडवं नेत नाहीत. अंघोळ घालायची, कपाळभर विभूती लावायची, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवायचं आणि मांडी घालून भिंतीला टेकवून बसवायचं. विमानातनं, म्हणजे सजवलेल्या डोलीतनं, नेतात तेही तसंच बसवून, भजन म्हणत. गेलेल्याचा चेहरा शेवटपर्यंत सगळ्या गावासमोर असतो. त्या चेहऱ्यासाठीच लोक डोळे द्यायला भितात, आणि श्रीदेवीची निम्मी ताकद हीच भीती घालवण्यात जाते.

ती सासूला नवीन लुगडं नेसवत होती, तेवढ्यात फोन वाजला. नेत्रपेढीच्या गाडीचा ड्रायव्हर. "ताई, सोलापूर सोडून पुढं आलोय. तुमच्या मालकांचा फोन आला होता. लई वाईट झालं."

श्रीदेवी तशीच उठली आणि गिरणीकडं गेली. गिरणी बंद होती. शिवानंद आत पोत्यावर डोकं धरून बसला होता.

"तुम्ही बोलावलं?"

"व्हय. म्या मुलगा हाय. म्या हो म्हणलं की झालं."

"कायद्यानं झालं. आत्याबाई मला न्हाय म्हणाल्यात. म्या शब्द दिलाय."

शिवानंदानं वर बघितलं. ती हे आज सांगतेय, हे त्याला लागलं असावं. पण तो भांडला नाही. त्याचा आवाजच फुटला. "अगं, आई गेली. तिला काय कळतंय आता? तुझं काय ते बघ. आज गाडी रिकामी गेली तर उद्यापासनं तुला कुणी दारात उभं करायचं न्हाय. एवढ्या वर्षांचं केलेलं मातीत जाईल. बंडप्पानं तरणंताठं पोर गेलं तवा तुझ्या शब्दावर डोळे दिले. त्याला कोणत्या तोंडानं सामोरी जाशील?"

बंडप्पाचा श्रीशैल मागच्या उन्हाळ्यात हायवेवर मोटरसायकलवरनं पडून गेला होता. बंडप्पा तेव्हा पुतळ्यागत बसला होता. श्रीदेवीनं विचारल्यावर नुसती मान हलवली होती. पुढं पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर त्याला शाल-नारळ दिला, तेव्हा गाव पहिल्यांदा श्रीदेवीकडं आदरानं बघायला लागलं. आतापर्यंत तिनं जे मिळवलं होतं, त्यातलं निम्मं त्या घरानं मिळवून दिलेलं होतं.

"आत्याबाईंना न्हाय कळत," श्रीदेवी म्हणाली. "मला कळतंय ना. म्या शब्द मोडला तर मग कुणाच्या दारात कशाला जाऊ?"

शिवानंदानं डोळे पुसले. "जा मग. तूच सांग त्यांना. माझ्यानं न्हाय व्हायचं."

गाडी आली ती थेट दारात. अंगण माणसांनी भरलेलं. श्रीदेवी सगळ्यांच्या मधनं चालत गेली आणि ड्रायव्हरशेजारच्या पोरसवदा डॉक्टरांना म्हणाली, "माफ करा. आमच्या आत्याबाईंची इच्छा न्हवती. तुम्हाला उगाच त्रास झाला." एवढ्या वेळा या बाईच्या फोनवर आलेला तो डॉक्टर, त्याला एका शब्दाचाही खुलासा लागला नाही. त्यानं चपला काढल्या, आत जाऊन शांताक्कापुढं हात जोडले आणि गाडी वळवून निघून गेला.

अंगणात कुजबुज सुरू झाली. मग कुजबुज थांबली, कारण बंडप्पा उठून उभा राहिला होता.

"श्रीदेवी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "माझ्या पोराचे डोळे चालले. तुझ्या सासूचे न्हाय व्हय? आमच्या घरचे ते डोळे, आणि तुमच्या घरचा तो चेहरा?"

भैरवी आईशेजारी येऊन उभी राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच आलेली.

श्रीदेवी त्याच्याकडं वळली. "बंडप्पाअण्णा, म्या तुम्हाला इचारलं. तुम्ही हो म्हणालात. म्या आत्याबाईंना इचारलं. त्या न्हाय म्हणाल्या. म्या इचारल्याबिगर कधी कुणाच्या मयताला हात लावला न्हाय, आणि न्हाय म्हणल्यावर पुन्हा तोंड उघडलं न्हाय. एवढंच माझ्याकडं हाय. ते बी सोडू का?"

बंडप्पा उभाच राहिला. म्हाताऱ्यांतला एक जण हळूच म्हणाला, "बरोबर हाय पोरीचं." दुसऱ्या दोघांनी माना हलवल्या. श्रीदेवीच्या छातीवरचं ओझं उतरल्यागत झालं. आपण निभावलं, असं तिला त्या एका क्षणी वाटलं.

आणि बायकांच्या घोळक्यातनं आवाज आला, "मला कुठं इचारलंस?"

निलव्वा. बंडप्पाची बायको, श्रीशैलची आई. पोर गेल्यापासनं ती कुणाच्या दारात गेली नव्हती, आज शांताक्कासाठी आली होती. भिंतीला पाठ लावून बसली होती आणि उठलीही नव्हती.

त्या दिवशी निलव्वा आतल्या खोलीत होती. शुद्ध हरपलेली, बायका तोंडावर पाणी मारत होत्या. श्रीदेवीनं दारातनं आत डोकावलं होतं आणि मनात म्हणाली होती, हिला कशाला आता त्रास? बाप हो म्हणालाय. ती वेळच तशी होती, गाडी फाट्यावर आली होती. त्यानंतर कधीही, एकदासुद्धा, ती निलव्वाकडं गेली नव्हती. आताच्या आता तिला हे सगळं उघडंनागडं दिसलं. ती निलव्वापुढं जाऊन जमिनीवर बसली.

"चुकलं," ती म्हणाली. "निलव्वाक्का, माझं चुकलं. तुम्ही न्हाय म्हणाला असतात का?"

बंडप्पा खांबाला धरून उभा होता, तो तोंड फिरवून रडत होता.

"न्हाय कशाला म्हणले असते?" निलव्वा म्हणाली. "द्या म्हणले असते. जाऊ दे, कुणीतरी बघतंय त्यानं. पण आधी मला बाहेर तरी बोलवायचं. लहानपणापासनं झोपला की त्याचे डोळे उलीसे उघडे राहायचे. म्या रोज रातच्याला हात फिरवून मिटायची. लग्नाचा झाला तरी, झोपल्यावर जाऊन मिटायची. मला बाहेर आणलं तवा मिटलेलेच होते."

श्रीदेवीनं मान खाली घातली.

"कुणी मिटले?" निलव्वानं विचारलं.

"म्या."

"कंच्या हातानं?"

बाहेर विमान दाराशी लागलं होतं, टाळ सुरू झाले होते. श्रीदेवीनं उजवा हात पुढं केला. निलव्वानं तो दोन्ही हातांत घेतला, तळवा आपल्या गालाला लावला, आणि शांताक्काला उचलेपर्यंत सोडला नाही.