मोडीकाकांच्या आईचं नाव

पहिल्या भेटीत मोडीकाका कुणालाच "कसे आहात" असं विचारत नसत. ते विचारत, "आजोबांचं नाव काय?" समोरच्यानं सांगितलं की लगेच, "त्यांच्या वडिलांचं?" इथे बहुतेकांची गाडी अडायची. एखादा बहाद्दर पणजोबांपर्यंत पोचलाच, तर काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "वा. आणि पणजीचं?" या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस मी तरी पाहिला नाही. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत नव्यानं राहायला आलेले लोक त्यांना लांबून बघून दुसऱ्या जिन्यानं जात.

काका तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्ड रूमचे शिपाई होते. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाकडून ते जेवणाच्या सुट्टीत मोडी वाचायला शिकले आणि निवृत्तीनंतर तीच त्यांची ओळख झाली. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या सगळ्या मोडीत. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी जो तो आज्या-पणज्याचा कागद शोधायला लागला, तसे अंबरनाथ-बदलापूरपासून लोक त्यांच्या दारात यायला लागले. उल्हासनगरातला आमचा सिंधी झेरॉक्सवाला तर गिऱ्हाइकाला परस्पर सांगायचा, "ये पुराना कागज है साईं, मोडीकाका को दिखाओ. चाय पिलाओ, काम हो जाएगा." काका खरंच चहाखेरीज काही घेत नसत, आणि तोही बिनसाखरेचा.

माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी हीच वेळ आमच्यावर आली. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर अभिमानानं "बौद्ध" लिहिलेलं. आता त्याच्या आधीची जात सिद्ध करणारा कागद हवा होता. बाबा भडकले. "ज्या शब्दातून माझा बाप बाहेर पडला, तो शब्द मी शोधत फिरू?" काकांनी त्यांना शांतपणे चहा दिला आणि म्हणाले, "शब्दाकडे बघू नकोस. त्याच्या शेजारी तुझ्या बापाचं घर आहे, ते बघ." मग सहा दिवस ते माझ्याबरोबर कचेरीत आले. पानाला बोट न लावता, पोस्टकार्डानं एकेक ओळ झाकत त्यांनी वह्या वाचल्या. सहाव्या दिवशी दुपारी थांबले. माझ्या पणज्याचं नाव, आणि पुढे, "यास मुलगा झाला." काका म्हणाले, "हा तुझा आजोबा. एक दिवसाचा आहे. जयभीम कर त्याला." मी केला. आणि तिथेच बाकावर बसून रडले.

त्यांचा एक नियम होता. पालेगावकडे इमारती उठायला लागल्या होत्या, जमिनींना भाव आला होता, आणि तिकडचा एक गृहस्थ जमिनीचा जुना कागद आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. म्हणाला, "काका, नाव पुसट झालंय, कुनाला काय समजतंय? तुम्ही आमच्या आजोबांचं वाचा ना." काकांनी बॉक्स त्याच्या मांडीवर परत ठेवला. "पुसट आहे तिथे मी पुसट असंच लिहिणार." तो गेल्यावर मला म्हणाले, "वाचता येत नाही तिथे 'वाचता येत नाही' लिहावं. माहीत नाही तिथे 'माहीत नाही'. रिकामं सोडू नये. रिकाम्या जागेत मागून येणारा खोटं भरतो." हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की मी त्यांची नक्कल करून चाळीत हशा मिळवायची.

पणजीच्या प्रश्नामागचं कारण मला फार उशिरा कळलं. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ एकाचा कागद पोचवून आम्ही पायरीवर टेकलो होतो. मी चेष्टेनं विचारलं, "काका, तुम्हाला तरी तुमच्या पणजीचं नाव माहीत आहे का?"

"पणजीचं राहू दे," ते म्हणाले, "मला आईचं माहीत नाही."

काकांचे वडील भिवा, पालेगावचे कोतवाल. गावात कोण जन्मलं, कोण वारलं, ही खबर तलाठ्याला द्यायची हे त्यांचं काम. काका चार वर्षांचे असताना आई तापानं गेली. ती खबरही वडिलांनीच नेली. नोकरीला लागल्यावर काकांनी पहिल्या वर्षीच ती नोंद शोधून काढली. "लिहिलंय काय, तर 'भिवा कोतवाल याची बायको. ताप.' तलाठ्यानं विचारलं असेल, कोण गेलं? बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, तेव्हाची रीत. बाप म्हणाला असेल, बायको. त्यानं लिहिलं, बायको. अख्ख्या गावाची नावं लिहवली माझ्या बापानं, आणि घरचं एक राहिलं."

गावात तिला सगळे बदलापूरवाली म्हणत, कारण ती बदलापूरजवळच्या एका खेड्यातून आलेली. पुढे घरात सावत्र आई आली, तिच्यासमोर जुन्या बाईचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. काकांना विचारायची अक्कल आली तोवर वडील गेले. काकांनी तिच्या माहेरच्या गावची वहीसुद्धा काढली. "मुलगा झाला तरी बापाचंच नाव लिहीत, मुलीची काय कथा. तिथल्या आमच्या वाडीत तिच्या जन्माच्या त्या चार-पाच वर्षांत सात मुली झाल्या. नुसतं मुलगी, मुलगी, मुलगी. त्यातली एक माझी आई." हे सांगताना ते हसले होते. मला ते हसू अजून बघवत नाही.

मी नोकरीला लागल्यानंतरची गोष्ट. त्याच खेड्यातला एक माणूस दाखल्यासाठी काकांकडे आला आणि बोलता बोलता म्हणाला, त्याची नव्वदीची आत्या अजून आहे, आणि पालेगावच्या भिवाला दिलेली मैत्रीण तिला आठवते. संध्याकाळी काका माझ्या दारात उभे. "पोरी, तिला दात नाहीत आणि मला आता कान नाहीत. ती सांगेल आणि मला ऐकू येणार नाही. तू चल. तू ऐक आणि लिहून घे."

मी म्हणाले, "काका, या रविवारी ऑफिसची पिकनिक आहे. पुढच्या रविवारी नक्की जाऊ."

"चालेल की," ते म्हणाले. "जन्मभर थांबलो, आठ दिवसांनी काय बिघडतंय."

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, नवी शंभर पानी वही आणि दोन पेनं घेऊन निघाले. एक बंद पडलं तर, म्हणून दुसरं. म्हातारीसाठी हिरवं लुगडं घेतलं होतं. रिक्षात मला दोनदा बजावलं, "नीट ऐक हां. दोनदा विचार. तिनं सांगितलं तसंच लिही, स्वतःच्या मनानं सुधारू नकोस."

दारातच तो भाचा भेटला. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला. "गेल्या बुधवारी पडली ओ आत्या. अर्धं अंग गेलं. मानसं वळखते, पन वाचा गेली."

काकांना ते ऐकू गेलं नाही. ते माझ्या आधी आत गेले होते.

भाच्यानं म्हातारीच्या कानाशी वाकून सांगितलं, "आत्ये, भिवा कोतवालाचा पोरगा आलाय. तुझ्या मैतरनीचा." तिनं डोळे उघडले. काकांकडे बराच वेळ बघितलं. मग चालता हात उचलून तिनं त्यांच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीपर्यंत बोटं फिरवली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओठ हलले. खूप जोर लावून हलले. नुसती हवा आली. काका कान तिच्या तोंडाशी नेऊन ओणवे उभे होते. ओठ थांबल्यावर ते माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"काय म्हणाली? लिहिलंस का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. ते पुन्हा तिच्याकडे वळले, "मावशे, परत सांग." तिनं परत ओठ हलवले. पुन्हा माझ्याकडे, "आता?" असं तीनदा झालं. शेवटी भाच्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना ते पिकनिकबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी वाट बघत होते. त्यांनी मला एक थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं. अंबरनाथ आल्यावर एवढंच म्हणाले, "तिनं ओळखलं मला. म्हणजे आईचं काहीतरी माझ्या तोंडावर आहे." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हातारी महिन्याभरात गेली. त्यानंतर मोडीकाका लोकांना आजोबांचं नाव विचारत, पणजोबांचंही विचारत. पणजीचं विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

दोन वर्षांनी काका गेले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सगळं चाळीनंच केलं, आणि मृत्यूची नोंद करायचं काम माझ्याकडे आलं. फॉर्मावर मी नाव लिहिलं, वय लिहिलं. वडिलांचं नाव, भिवा. त्याखाली, आईचं नाव.

माझं पेन थांबलेलं बघून खिडकीतला माणूस म्हणाला, "काहीतरी टाका ना मॅडम. लक्ष्मी टाका, सीता टाका. कोण बघतंय?" तो काही वाईट बोलत नव्हता, मागे रांग होती. आणि मलाही टाकावंसं वाटलं. त्या बाईला एक छानसं नाव द्यावं, काकांच्या नावाखाली ते कायमचं राहील. एक नाव मनात आलंसुद्धा.

मग मी लिहिलं, "माहीत नाही."

काकांच्या नियमानं ती नोंद बरोबर आहे. पण ते नाव त्या म्हातारीला त्या बुधवारपर्यंत सांगता येत होतं, आणि त्याच्या आधीच्या रविवारी मी नेरळच्या एका रिसॉर्टवर गाण्याच्या भेंड्या खेळत होते. ते लिहायला फॉर्मात रकाना नव्हता.