माझ्या कादंबरीचं पारायण

माझी कादंबरी आजवर एकदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली गेली, आणि त्या वेळी मला उठून जायची परवानगी नव्हती.

ती मी स्वतःच छापून घेतली होती. महाडात मास्तरकी करता करता मला साक्षात्कार झाला, की आपली मराठी कादंबरी फार सरळ चालते. तिला जरा उलटं चालवलं पाहिजे! म्हणून मी शेवट आधी लिहिला आणि सुरुवात शेवटी. पात्रांना नावं दिली नाहीत. (नायकाला नाव नसलं की तो कुणीही असू शकतो, असं प्रस्तावनेत ठासून सांगितलं होतं.) पावसाचं एक वाक्य तर तीन पानं पूर्णविरामाविना कोसळत होतं. छापखाना होता लग्नपत्रिका आणि पोथ्या छापणारा. त्याच्याकडे कागद पोथीचाच, लांबट. आणि बांधणी करणारा माणूस गावी गेलेला.

"पानं सुटी राहतील, मास्तर," छापखानेवाला म्हणाला.

"राहू देत! वाचक मुक्त हवा!"

पहिली मुक्त वाचक माझी बायको द्वारका. तिला वाचायला मीच शिकवलं होतं. (इथंच चुकलं.) तिने पहिलं प्रकरण, म्हणजे गोष्टीचा शेवट, वाचलं. त्यात 'मी' नावाचा इसम बायकोच्या आमटीला नावं ठेवून तिला कायमची सोडून जातो. संध्याकाळी शाळेतून घरी येतो तो चूल थंड, आणि द्वारका बाजाराला आलेल्या माहेरच्या माणसांबरोबर उमरठला रवाना! जाताना एक प्रत पुरावा म्हणून घेऊन गेली होती. "अगं, पुढे सगळं गोड आहे, शेवटी त्यांचं लग्न होतं!" हे मी आता सांगणार कुणाला? भिंतीला?

पोलादपूरपर्यंत मोटारीने आणि पुढे चिखल तुडवत मी उमरठला पोचलो. बघतो तर माझी कादंबरी लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात, वर हळदकुंकू! श्रावण चालू होता. सासऱ्यांच्या घरी श्रावणात रोज दुपारी पोथी वाचत, आणि लांबट सुटी पानं म्हणजे पोथी, याबद्दल त्या घरात दुमत नव्हतं.

"बसा, जावयबापू," सासरे म्हणाले. त्यांना सगळे आबा म्हणत. "पोरगी सांगते, तुमी तिला सोडनार. तसं लिवून छापलंय. पन अर्धी पोथी ऐकून न्याय करायचा नाय. पुरी वाचू, मंग ठरवू पोरीला धाडायची का नाय. आनि छापनाऱ्यानं पानं उलटी लावली होती, ती मी सरळ केली."

"उलटी? आबा, तो प्रयोग आहे..."

"कसला प्रयोग? लग्नाच्या आधी कोन बायको सोडतो?"

मी बोटांवर हिशेब मांडला. प्रकरणं पाच, दिवस पाच. वाचन चालू असताना उठायचं नाही आणि समाप्ती झाल्याशिवाय घर सोडायचं नाही, हा तिथला रिवाज. आणि पानं सरळ लावली म्हणजे लग्न आज, अन् ती आमटी पाचव्या दिवशी, ऐन निकालाच्या वेळी!

वाचन सुरू झालं. सगळ्यांत पुढे आबांची थोरली बहीण, भागाआत्या.

"ह्या बाईचं नाव काय रे?" त्यांनी आबांना अडवलं.

"नाय लिवलेलं."

"तिच्या बापाचं?"

"ते पन नाय."

"बैलाचं?"

"ढवळ्या."

"म्हंजे बैलाला नाव हाय आनि बाईला नाय! कुनाच्या घरचा हा शहाना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मंडळींनी ती उणीव स्वतःच भरून काढली. नायकाला 'मास्तर' म्हणू लागले आणि नायिकेला 'आपली द्वारकी'. प्रस्तावनेत नायक कुणीही असू शकत होता. उमरठात तो मीच होतो.

तिसऱ्या दिवशी पावसाचं वाक्य आलं. आबांनी पहिलं पान एका दमात मारलं. दुसऱ्यावर चेहरा लाल झाला. तिसऱ्यावर खोकल्याची अशी उबळ आली, की भागाआत्या ओरडल्या, "पानी द्या गो कुनीतरी! ह्याचा पाऊस थांबायच्या आधी आमचा म्हातारा थांबंल!"

पण गुणही निघाले, खोटं कशाला बोलू! ढवळ्या चिखलात रुतला, तेव्हा शेजारच्या दोन वाड्यांतली माणसं त्याला दोर कसा लावायचा ते मला समजावून गेली. चौथ्या दिवशी बसायला जागा पुरेना. नवराबायको भातलावणीला शेजारी शेजारी वाकली, तेव्हा आतल्या दारात बसलेल्या द्वारकेने पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. म्हटलं, देवा, इथंच संपव रे!

पाचव्या दिवशी सकाळी शेवटचं प्रकरण पळवायला मी देव्हाऱ्यात हात घातला.

"काय जावयबापू," मागून भागाआत्या, "भक्ती दाटून आली काय?"

हात जोडूनच मागे फिरलो!

दुपारी आबांनी वाचलं, "'तिच्या आमटीत मीठ होते, आत्मा नव्हता.'"

"आमटीत आत्मा कोन घालतं गो?" भागाआत्यांनी बायकांना विचारलं. कुणीच घालत नव्हतं.

"'मी होडीत बसलो. मागे पाहिले नाही.'" आबांनी पान पालथं घातलं. मागे कोरं. "पुढं?"

"संपली," मी पुटपुटलो.

"संपली कशी? समाप्तीचा नारळ हातात हाय माझ्या! पोर तिकडं रडते नि मी नारळ फोडू? तुमी लिवलं, तुमीच पुरं करा. उठा!"

मी उठलो.

"तर... होडी सावित्री नदीच्या मध्यावर आली, आणि त्याने, म्हणजे नायकाने, मागे पाहिलं."

"मग?" आतल्या दारातून आवाज आला. द्वारका!

"मग तो परत आला."

"आणि काय म्हणाला?"

"म्हणाला... चुकलं."

"मागं ऐकू नाय आलं!" भागाआत्या.

"चुकलं!!" मी ओरडलो. गोठ्यातली म्हैस दचकली.

"आणि आमटी?" दार विचारतच होतं.

"मागून घेतली. वाटीभर."

"एकच वाटी?"

"दोन! भुरके मारून!"

"आणि पुन्हा कधी बायकोवर लिहिलं त्याने?"

दुसरी कादंबरी घरी अर्धी लिहून तयार होती! पण अख्खं उमरठ माझ्या तोंडाकडे बघत होतं, आणि आबांच्या हातातला नारळ अजून शाबूत होता.

"नाही," मी म्हणालो. "लिहायचा टाक त्याने सावित्रीतच सोडला."

नारळ फुटला. आतून द्वारका बाहेर आली ती थेट आपली ट्रंक घेऊनच. निघताना भागाआत्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्या कादंबरीला आजवर मिळालेला एकमेव अभिप्राय दिला.

"पोथी ब्येस हाय हो, जावयबापू. छापलेला भाग तेवढा काढून टाका."