खुंटीवरचं मंगळसूत्र

१२ ऑक्टोबर. गॅलरीच्या जाळीचा गंजलेला बोल्ट कापायचा होता.

चष्मा चढवला, केस बांधले, बांगड्या काढल्या, ओढणी काढून ठेवली. मंगळसूत्र काढायचं मनातही आलं नाही. हातातलं छोटं कटर सुरू करून वाकले, तोच मंगळसूत्र त्याच्या फिरत्या दांड्याला गुंडाळलं आणि माझी हनुवटी चकतीकडे ओढली गेली. दोरा जुना होता म्हणून तुटला. काळे मणी गॅलरीभर उडाले.

मी कटर बंद केलं. रोज अंगावर असतं ते आपल्याला अंगच वाटू लागतं. यंत्राला मात्र तो नुसता लोंबता दोरा. सोन्याच्या तारेत गाठवून घ्यायचं मी वर्षभर टाळत होते. म्हणजे मला माझ्या आळसानं वाचवलं. मणी वेचताना हा विचार आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मणी पुन्हा सुती दोऱ्यातच ओवले. गळ्यात घातलं, आणि काम काढण्याआधी काढून खुंटीला अडकवलं.

"मला जिवंतपणीच टांगलंस होय?" नवरा म्हणाला.

"गळा शाबूत राहिला तर उतरवून परत घालीन."

 मी आधी चहा प्यायले, आणि मगच कटरचं बटण दाबलं.