जुवाची वंशावळ

चाकणच्या शाळेत मी उद्धवराव मास्तरांच्या हाताखाली शिकवत होतो. माणूस देवमाणूस, पण डोक्यात एकच किडा: बैलाच्या मानेवरचं जू. इंग्रज त्याला योक म्हणतो, जर्मन योख, डच युक. या साऱ्यांची आई म्हणजे 'युकं'. हा शब्द कुणी कधी लिहून ठेवला नाही. लेकींच्या तोंडावळ्यावरून आईचा चेहरा ताडावा, तसा पंडितांनी तो ताडला. त्या आईचीही आई सापडते. तिची दुसरी लेक संस्कृतात 'युग' होऊन नांदली, आणि आपलं जू त्याच वंशातलं.

एकोणीस वर्षं मास्तर यावर चिठ्ठ्या लिहीत होते. कोरा कागद परवडायचा नाही, म्हणून पोरांच्या तपासलेल्या पेपरांच्या पाठीवर. त्यांची छाती पोखरली होती; डॉक्टरांनी वर्षभराची आशा दिलेली. आणि १९५६ साली पिंपरीला यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन साहेब म्हणाला, "माझा भाऊ भाषेचा प्रोफेसर आहे. सोमवारी निघतो, कागद नेतो." मास्तर माझ्या गळ्यात पडले.

बुधवारी साहेबाला द्यायचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा दाराशी ठेवून आम्ही दोघं पुण्याला गेलो, इंग्रजी प्रस्तावना तपासून घ्यायला. रविवारी परतलो तर अंगणात मास्तरांच्या पत्नी, अंबुवहिनी, उखळात काहीतरी कुटत होत्या. मेथीचा वास सुटला होता. दर उन्हाळ्यात मास्तर परीक्षेचे पेपर दाराशी टाकायचे, वहिनी ते भिजवून, मेथीबरोबर कुटून, त्या लगद्यानं टोपल्या लिंपायच्या. यंदाही त्यांनी तेच केलं होतं.

मास्तरांनी उखळात हात घातले. लगदा पिळून, उलगडून बघायला लागले. मी दंड धरला तर मला आईवरून शिवी दिली.

"अगं, माझं अक्षर होतं गं त्याच्यावर!"

वहिनींनी मुसळ खाली ठेवलं. "तुमीच सांगितलंया न्हवं, दोन्ही अंगांनी काळा झालेला कागद रद्दी म्हून. मला तुमचं काय आन् पोरांचं काय, समदं सारखंच दिसतं."

"बत्तीस वर्षं माझ्या घरात आहेस तू!"

"व्हय. बत्तीस वर्सं गावाची पोरं शिकवलीत. मला कवा बशिवलंत पाटीम्होरं?"

 मास्तर लगद्यानं भरलेल्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागले. सोमवारी साहेब रिकाम्या हातानं गेला. मास्तर दिवाळीआधीच वारले, आणि तेराव्याला वहिनींनी मला विचारलं, "भावजी, या वयात अक्षर येतं का वो?"