ठरवून ओरडणारा माणूस

आमच्या भाऊजींना सगळे भोंगा म्हणतात. जन्मभर छापखान्यात मशीनपाशी उभं राहून त्यांना हळू बोलताच येईनासं झालंय. चहात साखर मागितली तरी शेजाऱ्यांना भांडण लागलंय असं वाटतं. पण माणूस मनाने मऊ, आणि मित्रासाठी जीव देणारा. तो मित्र म्हणजे टिल्लू. त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

टिल्लू पूर्वी त्याच छापखान्यात होता. आता एका हॉटेलच्या माडीवर स्टँडअप करतो. प्रेक्षकांत बसून त्याला मधेच टोकायचं काम भाऊजींचं. सगळं आधी ठरलेलं. भाऊजी ओरडायचे, "अरे, स्टुलावर चढ, दिसत नाहीस." टिल्लू म्हणायचा, "काका, पोट जरा बाजूला घ्या, दिसेन." हॉल खदाखदा हसायचा आणि भाऊजी नवरदेवासारखे लाजायचे. अट एकच होती: पोट, टक्कल, आवाज, काय हवं ते बोल, पण घरात शिरायचं नाही. टिल्लूने गळ्याला हात लावून कबूल केलं होतं.

एकदा माझी ताई, म्हणजे भाऊजींची बायको, पहिल्यांदाच कार्यक्रमाला आली. आजारपणात तिचे केस गेले आणि तिने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. केसांचा टोप आणला, तो मला आणि भाऊजींना सोडून कुणाला ठाऊक नव्हता. निदान ताई तसं धरून चालली होती. जिना चढताना तिने मला विचारलं, "कळत नाही ना गं?" मी म्हटलं, "चल, मीसुद्धा फसले असते."

पुढच्या रांगेत एक खराखुरा पिऊन आलेला बसला होता. त्याने टिल्लूला धड एक विनोद पुरा करू दिला नाही. टिल्लू चिडला, आणि माइकवरून त्याच्या आईबहिणीवर गेला. बायका पर्सा उचलू लागल्या. मित्र बुडतोय हे बघून भाऊजींना राहवलं नाही. त्यांनी वेळ आली नसताना आपलं वाक्य फेकलं, "अरे, स्टुलावर चढ."

टिल्लू गर्रकन वळला. "तू गप रे भोंग्या. आधी बायकोचा टोप धर, पंख्याने उडेल. लोकहो, बघून घ्या, खाली नुसतं घासलेलं भांडं आहे."

हशा फुटला. माना वळल्या. ताईचे दोन्ही हात डोक्यावर गेले. भाऊजी उभे राहिले आणि छाती फाडून ओरडले, "हे ठरलं नव्हतं. हे आपलं ठरलं नव्हतं." लोकांना वाटलं हाही कार्यक्रमच. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या टिल्लूला स्टेजवरून ओढणार होते, पण ताई जिन्याकडे निघाली होती.

खाली फुटपाथवर भाऊजी म्हणाले, "त्याला मी सोडणार नाही."

"तो परका आहे, त्याचं राहू द्या," ताई म्हणाली. "त्याला सांगितलं कुणी?"

भाऊजींनी मान खाली घातली. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तू दवाखान्यात होतीस. रडायला कुणी नव्हतं मला."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. "मी होते की," ती म्हणाली.