म्हाताऱ्या डोंगरावरचं शहर

मक्याचा कोवळा कोंब मातीतून वर येतो, तेव्हा तो घट्ट वळलेल्या हिरव्या रेशमाच्या सुरळीसारखा दिसतो. हिवाळ्यातलं तिरपं ऊन त्याच्या टोकावर थबकतं, आणि क्षणभर वाटतं, या एवढ्याशा जिवाने केवढी माती बाजूला सारली असेल! उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या छोट्या मराठी शाळेच्या अंगणात असा पहिला कोंब दिसला, तेव्हा तिसरीचा माझा सगळा वर्ग उकिडवा बसून श्वास रोखून पाहत होता. मग एकच आरोळी उठली, "बाई, निकला! निकला!" कोंब आला, असं कुणीच म्हणालं नाही. आमच्या गावातल्या मराठी पोरांना हर्ष हिंदीत होतो आणि रडू मराठीत येतं. पिढ्यान् पिढ्या शिप्रेचं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार?

तो कोंब साध्या वाफ्यात नव्हता. आम्ही मातीतून घडवलेल्या एका शहरात उगवला होता. ते शहर आमच्याकडे आलं कसं, ते सांगते.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. गच्च्यांवरून केबलच्या काळ्या तारा लोंबू लागल्या होत्या आणि माझ्या दिरांनी घरात रंगीत टीव्ही आणला होता. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी पडद्याकडे पाहिलं, आणि लाटणं हातातच राहिलं. ढगांच्या समुद्रातून वर आलेलं एक हिरवं शिखर, आणि त्याच्या खांद्यावर दगडी घरांचं एक छप्पर नसलेलं, निर्मनुष्य नगर! इंका नावाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी वसवलेलं माचू पिच्चू. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ म्हातारा डोंगर. दुसऱ्या दिवशी वर्गात 'घरे' हा धडा होता. पुस्तकात झोपडी, चाळ, बंगला एवढंच होतं. मी पुस्तक मिटलं आणि मुलांना म्हातारा डोंगर सांगितला.

तुम्ही कधी आठ वर्षांच्या मुलांना अशक्य गोष्ट खरी आहे असं सांगून पाहिलंय? त्यांच्या डोळ्यांत अविश्वास नसतो, नुसती घाई असते. चाकांच्या गाड्या नव्हत्या, लोखंड नव्हतं, दगडांमध्ये चुना नव्हता, तरी भिंती अशा बसवलेल्या की फटीत सुरीचं पातं शिरू नये. "मग बाई, दगड ऊपर कसे घेऊन गेले?" "थंडी लागत नव्हती?" "तिथे शाळा होती?" मी म्हणाले, डोंगर पायऱ्यांसारखा कापून ते त्यावर मका लावायचे, मका, बटाटा, मिरची, टोमॅटो, सगळं समुद्रापलीकडच्या त्या खंडांतून जगभर गेलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. माळव्यातल्या मुलांना मका परदेशी आहे हे सांगणं म्हणजे आजी परदेशी आहे असं सांगण्यासारखंच! आणि शेवटच्या बाकावरून एक बारीक, गंभीर आवाज आला, "म्हणजे आई मका किसून करते तो भुट्ट्याचा कीस त्यांच्यामुळे आहे?"

ती कुंदा. दोन घट्ट वेण्या, कपाळावर कायम एक आठी, आणि कोणतीही गोष्ट पूर्ण समजेपर्यंत न सोडण्याचा हट्ट. तिचे वडील खानदेशातून आलेले, शहरातल्या एका जुन्या कापडगिरणीत मागावर काम करायचे. शाळेच्या अंगणात डोंगर उभारायची कल्पना तिचीच. मुलांनी नदीकाठची चिकणमाती आणली, खडे घासून एकमेकांत बसवले, पायऱ्या कापल्या, त्यांत मका पेरला. माघात पालकांसाठी भरणाऱ्या प्रदर्शनात या शहराची माहिती कोण सांगणार, याबद्दल वर्गात वादच झाला नाही. कुंदाने आधीच सगळं पाठ केलं होतं. पाठ तरी कसं म्हणू? ती त्या गल्ल्यांतून हिंडून आल्यासारखी बोलायची. एकच प्रश्न तिला छळायचा. "बाई, एवढं छान शहर सोडून ती माणसं गेली का?" मी सांगायची, "अजून कुणाला नीट कळलेलं नाही." तिची आठी अधिकच खोल व्हायची.

त्याच हिवाळ्यात गिरणी बंद पडली. ती आधी नुसती थांबली होती. मग एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. सारा देश दारं-खिडक्या उघडतोय, असं तेव्हा रोज ऐकू यायचं. एक मोठं लोखंडी फाटक मात्र आमच्या गावात कायमचं मिटलं होतं. प्रदर्शनाला चार-सहा दिवस उरले असताना कुंदा म्हणाली, "बाई, आम्ही सुरतला जातोय. काकांकडे. परसों." आणि पायऱ्यांना पाणी घालायला निघून गेली.

कुंदाला आपल्याकडे ठेवून घ्यावं, असा मी घरी विचार केला. विचारलं, असंच म्हणायला हवं. आमच्या सासूबाई तशा कडक, पण म्हणाल्या, "आण तिला. माझ्याजवळ झोपेल." त्या बळावर मी दुसऱ्या संध्याकाळी गिरणीच्या चाळीत गेले.

खोली रिकामी झाली होती. भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. कुंदाचे वडील पत्र्याच्या पेटीवर बसले होते, आई भांडी पोत्यात भरत होती, आणि धाकटी बहीण त्यातलीच एक वाटी घेऊन खेळत होती. मी मन घट्ट करून म्हणाले, "कुंदाला माझ्याकडे ठेवा. शिकेल ती. हुशार आहे फार. सुट्टीत मी स्वतः सुरतला आणून सोडीन."

वडिलांनी पेटीच्या कडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई, तुमचे उपकार मानतो. मला पटतंय." आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं.

तिने पोतं बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. "तुमचं घर चांगलं आहे, बाई," ती म्हणाली. "पण एकेकाला मागं ठेवत गेलं, की शेवटी घर म्हणून नेणार काय?"

ज्ञानाच्या बाजूने बोलणारी सगळी सुभाषितं मला पाठ होती. त्यातलं एकही त्या रिकाम्या खोलीत उभं राहू शकलं नाही. कुंदा दारात उभी राहून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "मग प्रदर्शनात कोण सांगेल?"

मी म्हणाले, "तू सांग. आत्ता. आम्ही ऐकतो."

तिने वेण्या मागे टाकल्या, हात जोडून नमस्कार केला, आणि त्या उघड्या भिंतींमध्ये म्हातारा डोंगर उभा केला. ढग, पायऱ्या, पाण्याच्या दगडी पन्हळी, सूर्याची पूजा, ओझी वाहणारे लामा नावाचे लांब मानेचे प्राणी. वडील पेटीवर पुढे सरकून ऐकत होते; आपली मुलगी असं बोलू शकते, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळत असावं. आईचे हात थांबले. "आणि मग," कुंदा म्हणाली, "एक दिवस सगळे लोक हे शहर सोडून गेले."

धाकटीने वाटी खाली ठेवली. "ताई, त्यांची पोरं पण गेली?"

"हो," कुंदा म्हणाली. "सगळी."

वडिलांनी तोंड फिरवलं. मी चहा न घेताच उठले.

प्रदर्शन झालं. दुसऱ्या एका मुलीने माहिती सांगितली, न चुकता. पालकांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाळ्यात मका वाळला, आणि पुढे आमची शाळाही इंग्रजी शाळांच्या निऑन पाट्यांपुढे रोडावत गेली. कुंदाची बातमी मधूनमधून चाळीतल्या कुणाकडून कानावर यायची आणि दर वेळी थोडी अधिक धूसर झालेली असायची. सुरतेतली शाळा गुजराती. तिला खालच्या वर्गात घातलं. मग शाळेचा उल्लेखच थांबला.

बऱ्याच वर्षांनी ती दारात उभी राहिली. वेण्या नव्हत्या, आठी होती. रामघाटावर वडिलांच्या अस्थी सोडून परस्पर माझ्याकडे आली होती. शिप्रेतच सोडा, असं ते सांगून गेले होते. "ती गुजराती अक्षरं मला वळेचनात, बाई," चहाची बशी हातात धरून तिने सहज सांगितलं. "मग आईबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसले. अजून तेच करते. त्या पैशांवर धाकटी मात्र शिकली. नर्स झालीय ती."

तेवढी वर्षं मनात कोंडून ठेवलेलं वाक्य माझ्या तोंडून निसटलंच. "कुंदा, तू तेव्हा इथे राहिली असतीस तर..."

ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं. लहान मुलाचं चुकलेलं गणित मायेने सुधारावं, तसं काहीतरी होतं. "तर धाकटी शिकली नसती, बाई."

खंत म्हणजे तरी काय? दुसऱ्याच्या आयुष्याच्या न घडलेल्या भागावर आपण परस्पर सांगितलेला हक्कच ना? ती आपलं आयुष्य पुरतं जगली होती, आणि मी मात्र तिच्या वतीने इतकी वर्षं हळहळत होते. हे सगळं मला कळलं. पण कळल्याने हळहळ कमी झाली, असं कसं म्हणू?

निघताना ती पाया पडली. मुलं पाया पडली की शिक्षिकेच्या तोंडून एकच आशीर्वाद आपोआप निघतो, खूप शीक. तो माझ्या ओठांवर आलाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो आशीर्वाद तसाच गिळून, दुसरा शब्द शोधत, किती तरी वेळ उभी राहिले.